वरचं पाणी

उंदराच्या यकृतावरची शस्त्रक्रिया सकाळीच करायची. आठला सुरुवात आणि अकराच्या आत शेवटचा टाका. हा काही आमच्या लॅबमधल्या शिस्तीचा हट्ट नाही. यकृताची पेशी विभाजनाला तयार झाली तरी प्रत्यक्ष विभागायचं कधी, यात शरीरातल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचा हात असतो, असं २००३ साली जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवून दिलं. एक उंदीर सकाळी घेतला आणि दुसरा चहानंतर, तर दोघांच्या पेशी वेगवेगळ्या वेळी विभागणार, आणि तो फरक आपण औषधाच्या नावावर टाकून मोकळे होणार. म्हणून अ‍ॅनिमल हाउसचे मामा साडेसातलाच पिंजरे आणून ठेवतात. "ताई, आजची पोरं चांगली खाऊन-पिऊन आहेत," एवढा अहवाल देतात आणि वजनकाट्याशी उभे राहतात. माझा त्या अहवालावर काट्याइतकाच विश्वास आहे.

उंदीर पंचवीस ग्रॅमच्या आसपास, त्याचं यकृत सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर. आयसोफ्लुरेनची भूल, खाली गरम पॅड, पोटावरचे केस काढून बेटाडिन. छातीच्या हाडाखाली मधोमध छेद घेतला की ओल्या कापसाच्या बोळ्याने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचं, की यकृताची पाळी आपोआप वर येते. चिमट्याने ओढायची नाही. ओढली की फाटते. आधी डावी पाळी. तिच्या मुळाशी रेशमी धागा सरकवायचा, गाठ मारायची, पाळी काळसर पडते, मग कापायची. त्यानंतर मधली, पित्ताशयासकट. खरी परीक्षा या दुसऱ्या गाठीची. ती फार वर बसली तर मागे राहिलेला तुकडा कुजतो आणि खाली महाशिरेला भिडली तर उंदीर रात्र काढत नाही. मिलिमीटरभराचा हिशेब आहे, आणि तो पुस्तकात वाचून येत नाही. दोन पाळ्या मिळून यकृताचा दोन तृतीयांश भाग गेला. टाके, वेदनाशामक, गरम सलाइन. काही मिनिटांत उंदीर चालायला लागतो, संध्याकाळी दाणेही कुरतडतो.

ही पद्धत १९३१ सालची, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या हिगिन्स आणि अँडरसन यांची. त्यांनी उंदरांऐवजी घुशीएवढे पांढरे रॅट वापरले होते. नव्वदहून अधिक वर्षं झाली, जीवशास्त्रात सगळं उलटंपालटं झालं, पण या दोन गाठी जिथल्या तिथे आहेत.

दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तर उरलेलं यकृत फिकट, पिवळट दिसतं. नवा विद्यार्थी हमखास घाबरतो, त्याला वाटतं गाठ चुकली. तसं नसतं. उरलेल्या पेशी शरीरातली चरबी ओढून साठवतात. पुढच्या कामाला इंधन लागणार असतं. उंदरात डीएनएच्या प्रती काढण्याचा जोर साधारण छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान असतो, त्यामुळे सकाळी शस्त्रक्रिया केलेल्याला दुसऱ्या दिवशी रात्री लॅबमध्ये हजर राहावंच लागतं. काचपट्टीवर विभागणाऱ्या पेशींची केंद्रकं तपकिरी रंगवली, की शाबूत यकृतात शोधून एखादी सापडते आणि दोन दिवसांच्या यकृतात नजर जाईल तिथे तपकिरी ठिपके असतात. आठवडा-दहा दिवसांत यकृताचं वजन मूळपदाला येतं. आणि ठिपके नाहीसे होतात.

कापलेल्या पाळ्या मात्र परत उगवत नाहीत. राहिलेल्या पाळ्याच फुगून तेवढं वजन भरून काढतात. माणसाचंही तसंच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या धाकट्या मुलाने वडिलांना यकृताचा उजवा भाग दिला, तेव्हा काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "तू लिव्हरचंच करतेस ना गं? त्याचं परत येतं ना सगळं?" मी म्हटलं, काकू, आकार पहिल्यासारखा होत नाही, माप होतं, बहुतेक वाढ दोन-तीन महिन्यांत होऊन जाते. त्यांना आकाराशी काही देणंघेणं नव्हतं. मला मात्र आयुष्यभर त्या मापाचंच कोडं पडलेलं आहे.

कारण वाढायला लागणं मला तितकंसं नवलाचं वाटत नाही, थांबणं वाटतं. १९९२ साली पिट्सबर्गमध्ये थॉमस स्टार्झल यांच्या चमूने एका माणसाला बबून माकडाचं यकृत बसवलं. तो रुग्ण सत्तर दिवस जगला. पण माणसाच्या देहात गेलेलं ते माकडाचं यकृत काही आठवड्यांत माणसाच्या मापाचं झालं होतं. म्हणजे माप यकृताच्या एकट्याच्या मालकीचं नाही. ज्या देहात ते आहे तो देह ते ठरवतो. त्याच्याही आधी, १९६७ साली मूल्टन आणि नॅन्सी बुचर यांनी दोन रॅटचं रक्त एकमेकांत खेळवलं. यकृत कापलं एकाचं, आणि न कापलेल्या दुसऱ्याच्या यकृतातही पेशी विभागायला लागल्या. निरोप रक्तातून जातो, हे तेव्हाच कळलं. "पुरे" हा निरोप कोण देतं, याची अनेक अर्धी उत्तरं आज आहेत. ती एकत्र जोडून पूर्ण उत्तर होत नाही.

माझी पहिली काही वर्षं याच प्रश्नामागे गेली, आणि त्यातला मोठा वेळ पर्फ्यूजनच्या टेबलाशी. यकृताच्या पेशी जिवंत सुट्या करायच्या असतील तर तुकडे करून चालत नाही. पोर्टल शिरेत बारीक सुई बसवायची आणि कॅल्शियम काढून घेतलेलं कोमट द्रावण पंपाने सोडायचं. खालची शीर कापून रक्ताला वाट दिली, की लालभडक यकृत बघता बघता पांढुरकं होतं. एखादा कोपरा लाल राहिला तर समजायचं, सुई नीट बसलेली नाही. मग कोलॅजिनेज हे विकर घातलेलं दुसरं द्रावण. ते पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवतं आणि यकृत जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखं होतं: वरून अजून आकार दिसतो, बोट लावलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. तो खळगा दिसला की पंप बंद. दोन मिनिटं उशीर झाला तर पेशी मेल्या. बेरी आणि फ्रेंड यांनी ही पद्धत १९६९ मध्ये रॅटवर बसवली. कोलॅजिनेजची प्रत्येक लॉट वेगळी निघते, त्यामुळे चांगली लॉट सापडली की शास्त्रज्ञ ती उणे वीसच्या फ्रीजरमध्ये मागच्या बाजूला दडवतात. या बाबतीत मी कुणाही सहकाऱ्याला साधू मानत नाही, स्वतःलाही नाही.

आता यकृत थाळीत घेऊन वरची पातळ पिशवी फाडायची आणि हलवायचं. पेशींचा ढग बाहेर येतो. तो गाळून सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हळू, पन्नास जी वर फिरवायचा. यकृतपेशी मोठ्या, जड. त्या तळाशी बसतात. वरचं पाणी ओतून द्यायचं. असं तीनदा. शेवटी ट्रिपॅन ब्लू टाकून मोजायच्या: निळ्या त्या मेलेल्या, चमकणाऱ्या त्या जिवंत. पंच्याऐंशी टक्के जिवंत असल्या तर दिवस सार्थकी.

ते वरचं पाणी आम्ही ब्लीचच्या बाटलीत ओतत होतो. सगळेच ओततात, प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलेलं असतं. पण त्यात काय असतं? यकृतात मुक्काम ठोकलेल्या कुप्फर पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, एनके पेशी, टी पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर. यकृताचं सगळं पोलीस खातं. १९९६ साली एका गटाने आयएल-६ या निरोप्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर हीच दोन तृतीयांशची शस्त्रक्रिया केली, तर यकृत धड वाढेना. आणि आयएल-६ सोडणाऱ्यांत पुढे असतात त्या कुप्फर पेशी. उलट एनके पेशींना भडकवलं तर पुनर्निर्मिती मंदावते. म्हणजे सुरुवातीची घंटा वाजवणारे आणि वेग आवरणारे, दोघेही त्या बाटलीत जात होते. लॅब बदलून परदेशी गेले तेव्हा मी वरच्या पाण्याकडे वळले ती यामुळे. लोकांना वाटलं मी विषय सोडला. मला वाटतं मी त्याच नळीत थोडी वर सरकले.

यकृताची प्रतिकारशक्ती मुळातच सबुरीची आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांतून येतं, अन्नाच्या कणांनी आणि जंतूंच्या तुकड्यांनी भरलेलं. प्रत्येकाशी भांडायचं ठरवलं तर माणसाला जेवण पचणार नाही. म्हणून यकृत दुर्लक्ष करायला शिकलं आहे. रॉय काल्न यांना १९६९ मध्ये डुकरांत आढळलं की दुसऱ्या डुकराचं यकृत औषधांशिवायही अनेकदा टिकतं, जे मूत्रपिंडाच्या बाबतीत घडत नव्हतं. ही सबुरी कर्करोगाच्या गाठीला आयतीच मिळते.

गाठी तयार करायची आमची रीत पाहणाऱ्याला विचित्र वाटते. उंदराची शेपटी दिव्याखाली शेकायची, शीर फुगली की त्याच्या वजनाच्या दहा टक्के सलाइन, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिलीटर, पाच-सात सेकंदांत शेपटीतून आत ढकलायचं. त्यात हवी ती जनुकं असतात. हृदयाला एवढा लोंढा पेलत नाही, तो मागे यकृतात शिरतो आणि काही पेशी ती जनुकं गिळतात. उंदीर धापा टाकत पडून राहतो, मग उठतो. हाताचा वेग डळमळला तर प्रयोग तिथेच संपला. काही आठवड्यांनी गाठी दिसू लागतात.

या गाठींनीच माझ्या दोन विषयांची भेट घातली. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन यकृत परत वाढवण्याच्या कामात हवंच असतं. ते काढून टाकलं तर शस्त्रक्रियेनंतरची वाढ रेंगाळते. आणि यकृताच्या कर्करोगात सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या गाठींत याच प्रथिनाचं जनुक बिघडून कायमचं चालू राहिलेलं असतं. अशा गाठीचा काप रंगवला तर मारेकरी टी पेशी कडेला गर्दी करून उभ्या असतात आणि आत शुकशुकाट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रंगच चुकल्यासारखं वाटलं, म्हणून शेजारची, दुसऱ्या जनुकाने केलेली गाठ पाहिली. तिथे त्या पेशी आतपर्यंत पोचल्या होत्या. दुरुस्तीसाठी असलेलं हत्यारच पहारेकऱ्यांना दाराबाहेर ठेवत होतं.

जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, ती इम्युनोथेरपीची औषधं टी पेशींवरचा ब्रेक काढतात. पण दाराबाहेरच्या पेशीचा ब्रेक काढून काय होणार? यकृताच्या बळावलेल्या कर्करोगाला २००८ पासून सोराफेनिब हाच मुख्य आधार होता, आणि त्याने आयुष्य सरासरीने तीन महिने वाढायचं. २०२० मध्ये अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी त्याच्यापेक्षा सरस ठरली. पुष्कळ मोठी गोष्ट. तरीही तिने ठळकपणे आकसतात त्या दहांतल्या सुमारे तिघांच्या गाठी. उरलेले सात कोण, हे आधी ओळखण्यात सध्या आमच्यासारख्या अनेक लॅब गुंतल्या आहेत, आणि बीटा-कॅटेनिन हे संपूर्ण उत्तर नाही, हेही आता दिसू लागलंय.

इथे माझं एक मत, जे अनुदानाच्या अर्जात मी लिहीत नाही. यकृताचा कर्करोग रोखणारं सगळ्यात मोठं काम आमच्या टेबलावर झालेलं नाही. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बी ची लस द्यायला सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधला हा कर्करोग निम्म्यावर आला. ती लस आज आपल्याकडेही सरकारी दवाखान्यात बाळाला फुकट मिळते. इम्युनोथेरपीचं बिल पाहिलेल्या नातेवाइकाला हे सांगून उपयोग नसतो. त्याला उशीर झालेला असतो.

परत आल्यावर एका सर्जनने मला विचारलेला प्रश्न आता आमचा मुख्य प्रयोग आहे. गाठ मोठी असेल तर आधी इम्युनोथेरपी देऊन ती लहान करायची आणि मग कापायची, असा विचार जगभर जोर धरतोय. पण, त्यांनी विचारलं, ब्रेक काढलेल्या टी पेशी आत फिरत असताना उरलेलं यकृत नीट वाढेल का? तेव्हा उंदराला आधी टी पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक रोखणारं औषध, नंतर दोन गाठी, दोन पाळ्या, आणि ठरलेल्या तासाला तपकिरी ठिपक्यांची मोजणी. यावेळी तळाचा थर आणि वरचं पाणी, दोन्ही ठेवायचं.

त्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीत एक पशुवैद्य असतात, आणि समाजाचे प्रतिनिधी म्हणून विज्ञानाबाहेरचे एक गृहस्थ. मागच्या बैठकीत त्यांनी अर्ज पुन्हा उलटून विचारलं, "हे तुम्हाला काचेच्या बशीत नाही करता येणार, मॅडम?" मी सांगितलं की बशीत यकृतपेशी दोन दिवसांत आपलं काम विसरायला लागतात, आणि बशीला आतडं नसतं, पोर्टल शीर नसते, माप कळवणारा देह नसतो. ते म्हणाले, "बरं. पण मग प्रत्येक गटात आठच उंदीर का, सहा का नाहीत?" संख्याशास्त्राचा हिशेब जोडून अर्ज परत पाठवायचा आहे. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे.