दाबानें उपजणारी वीज व गोठ्यांतील तिचा उपयोग

गॅसची शेगडी पेटविण्याच्या खटक्याच्या लायटरांत बहुधा तेलहि नसतें व विजेचा घटहि नसतो. तथापि खटका दाबतांच ठिणगी पडते. त्याचें कारण असें कीं, आंतील लहानशी हातोडी एका विशिष्ट पदार्थाच्या तुकड्यावर आदळते, व त्या आघातासरशीं तेथें क्षणमात्र वीज उत्पन्न होते. या गुणास दाबविद्युत् म्हणतात.

पॅरिस येथें १८८० सालीं झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं हा गुण प्रथम दाखवून दिला. गारेचा स्फटिक त्यांत होताच. पण उसाच्या साखरेचे खडेहि होते, हें ऊस पिकविणाऱ्या वाचकांस कौतुकाचें वाटेल. पुढील वर्षीं उलट क्रियाहि सिद्ध झाली. म्हणजे अशा स्फटिकास वीज दिली असतां तो किंचित् आकुंचन-प्रसरण पावतो. वीज वेगानें उलटसुलट केल्यास तो थरथरतो, व मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा अतिसूक्ष्म ध्वनि निघतो. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, पॉल लांझव्हँ यांनीं याच युक्तीनें समुद्रांतील पाणबुड्या हुडकण्याचे प्रयोग केले.

आज तेंच तत्त्व गोठ्यापर्यंत आलें आहे. पशुवैद्याच्या सोनोग्राफी यंत्राच्या टोंकाशीं दाबविद्युत् गुणाचे मातीच्या भांड्याप्रमाणें भाजून केलेले तुकडे असतात. ते ध्वनि सोडतात, गर्भाशयावरून परतलेला प्रतिध्वनि झेलतात व त्याची पुन्हा वीज करितात. तिचेंच चित्र पडद्यावर उमटतें.

यांतील लाभाचा हिशोब आम्ही मांडतों. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो. ती पुन्हा माजावर आली नाहीं, एवढ्यावरून गाभण समजून महिनेच्या महिने वैरण व पेंड घालावी, आणि शेवटीं ती रिकामी निघावी, असा प्रसंग अनेकांवर येतो. गेलेला काळ व बुडालेलें दूध कोणत्याहि खात्यांत जमा होत नाहीं. नुसत्या हातानें परीक्षा करितां निश्चिती होण्यास बहुधा दोन महिने लागतात; या यंत्रानें फळविल्यापासून सुमारें एका महिन्यांतच समजूं शकतें. म्हैस रिकामी आढळल्यास उपचारास लौकर आरंभ करितां येतो.

मात्र परीक्षा अनुभवी पशुवैद्याकडूनच करवावी. आरंभींचा गर्भ कधीं कधीं टिकत नाहीं. म्हणून कांहीं आठवड्यांनीं ती पुन्हा करवावी. फळविल्याची तारीख वहींत टिपून ठेवण्याची संवय मात्र प्रत्येकानें आजपासूनच लावून घ्यावी. कारण तारीखच ठाऊक नसेल, तर परीक्षा केव्हां करावी हेंच कळणार नाहीं.