मागची चाकं तिरकी राहिली तर

 साखर कारखान्यांत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, उचलायला बऱ्याचदा टेलिहँडलर वापरला जातो: लांब होणाऱ्या बूमचा, चारही चाकं वळणारा लोडर.

रस्त्यावर त्याची फक्त पुढची चाकं वळवतात. अडचणीच्या जागी पुढची-मागची उलट दिशांना वळतात आणि खेकडाचालीत सगळी एकाच दिशेला.

नेहमीची तक्रार एकच. स्टिअरिंग सरळ, पण मागची चाकं तिरकी. बऱ्याच यंत्रांत तेच हायड्रॉलिक तेल पुढच्या आणि मागच्या सिलिंडरला एकापाठोपाठ ढकलतं. सील झिजलं की तेल आतल्या आत निसटतं आणि जुळणी बिघडते. सपाट, मोकळ्या जागी बूम खाली घ्या. चारचाकी पद्धतीत मागची चाकं सरळ करा, मग दोनचाकी निवडून पुढची सरळ करा आणि पुन्हा चारचाकीत या. हे रोज करावं लागत असेल तर सील बदलाच. चालढकल धोक्याची आहे.

स्टिअरिंगची पद्धतच बदलत नसेल तर आधी फ्यूज पाहा. अॅक्सलवरच्या सेन्सरवर बसलेला चिखल आणि भुसा पुसा. बटण दाबल्यावर सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज येतो का, ऐका. आवाज आला नाही तर दोष बहुधा वायरिंगमध्ये किंवा कॉइलमध्ये असतो.

गळती हाताने कधीही चाचपू नका. दाबाखालचं तेल कातडी भेदून आत शिरतं. पुठ्ठा धरून पाहा.