लिलाव कोणाच्या मालकीचा?

लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानदाराने 'पैठणी' या शब्दासाठी शोधयंत्राला प्रत्येक क्लिकमागे दहा रुपये देऊ केले आणि शेजाऱ्याने बारा, तर शेजाऱ्याची जाहिरात वर झळकेल. मार्केट यार्डातील पहाटेच्या लिलावाची पुणेकरांना आठवण व्हावी, इतके हे मूळ तत्त्व साधे आहे. तरीही त्याच्या मालकीवरून मोठे वाद झडले आणि त्यातील एक लढाई मुंबईच्या कंपनीने लढवली.

शोधशब्दांचा असा लिलाव कॅलिफोर्नियातील 'गोटू डॉट कॉम'ने १९९८मध्ये सुरू केला. जुलै २००१मध्ये तिला अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे 'ओव्हर्चर' असे नामांतर झालेल्या या कंपनीने एप्रिल २००२मध्ये गुगलला न्यायालयात खेचले. २००३मध्ये याहूने ओव्हर्चर विकत घेतली. भांडवल बाजारात उतरण्याच्या तोंडावर, ऑगस्ट २००४मध्ये, गुगलने २७ लाख समभाग देऊन याहूशी हा आणि आणखी एक वाद मिटवला. ८५ डॉलरच्या विक्रीदराने त्यांचे मोल सुमारे २३ कोटी डॉलर होते!

अमेरिकी पेटंट भारतात चालत नाही; येथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. ओव्हर्चरने तो केला होता. पेटंट मंजूर होण्यापूर्वी त्यास हरकत घेण्याची मुभा आपला कायदा कोणालाही देतो. मुंबईच्या रेडिफने ती वापरली आणि अर्ज नामंजूर झाला. त्याविरुद्ध याहू बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेली. डिसेंबर २०११मध्ये तेथेही तिच्या पदरी निराशाच आली. पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार व्यवसायपद्धती हा 'शोध' ठरत नाही. तंत्राच्या साह्याने ती कितीही हुशारीने राबवली, तरी ती व्यवसायपद्धतीच राहते, असा मंडळाच्या निर्णयाचा आशय होता.

निकाल उलट लागता, तर अशा पद्धतीने शोधशब्द विकणाऱ्या भारतीय संकेतस्थळांना याहूचा परवाना घ्यावा लागला असता, आणि तो भार अखेर जाहिरातदार दुकानदारावरच पडला असता. त्यामुळे रेडिफची हरकत केवळ स्वतःपुरती नव्हती, असे आम्हांस वाटते.

अर्थात, हे कलम दुधारी आहे. हिंजवडीतील एखाद्या अभियंत्याने जाहिरातविक्रीची नवी पद्धत शोधली, तर तिच्याही वाटेत तेच उभे राहते. २०२३मध्ये 'ओपनटीव्ही' प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने व्यवसायपद्धतींना पेटंट नाकारणारी ही तरतूद लागू तर केलीच. पण तिचा फेरविचार व्हावा, असेही सुचवले.