घाटातली पकड

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी एक्स्प्रेस थांबली की प्लॅटफॉर्मवर बटाटेवड्यांची गडबड सुरू होते. त्याच वेळी गाडीच्या शेपटाला वेगळंच काम चाललेलं असतं. दोन-तीन इलेक्ट्रिक इंजिनं मागून अगदी हळू येतात आणि शेवटच्या डब्याला हलकेच टेकतात. कपलिंग जोडलं जातं, हवेचे पाइप जोडले जातात. ही इंजिनं म्हणजे ‘बँकर’. पुढचं इंजिन ओढणार आणि हे बँकर मागून रेटणार, अशा रीतीने गाडी २८ किलोमीटरवरच्या लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरहून जास्त उंची चढते. लोणावळ्याला बँकर सुटे होतात आणि पुढे पुण्यापर्यंत एकच इंजिन गाडी सहज नेतं.

मुंबईहून कर्जतपर्यंत ज्या इंजिनाने सगळी गाडी एकट्याने आणली, त्याची ताकद इथे कशी संपते? खरं तर ताकद संपत नाही. पाच हजार अश्वशक्तीच्या इंजिनात घाट चढण्याइतका दम असतो, वेग कमी ठेवायचा एवढंच. कमी पडते ती रुळावरची पकड, म्हणजेच घर्षण.

रेल्वेचा सगळा शोधच मुळी घर्षण कमी करण्यासाठी लागला. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा दोन्ही जवळजवळ चेपतच नाहीत. रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात दबतो, फुगतो, गरम होतो आणि त्यात इंजिनाची शक्ती वाया जाते. डांबरी रस्त्यावर एक टन वजनाची मोटार नुसती सावकाश सरकती ठेवायला १० ते १५ किलोंइतका जोर लागतो. तेच एक टन वजन रुळावर असेल तर जेमतेम दोन किलोंचा जोर पुरतो. हजार टनांची गाडी सपाटीवर एका इंजिनाच्या मागे निमूट धावते ती याच बळावर.

आता तीच गाडी उभ्या चढावर घ्या. कर्जत आणि लोणावळा यांच्यामधल्या या भोर घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ एक मीटर वर जातात. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटतो. कोन काढला तर दीड अंशाच्या थोडा वर. घाटरस्त्यावर यापेक्षा किती तरी खडे चढ असतात आणि भरलेला ट्रक ते चढतो. पण उतारावर ठेवलेल्या वस्तूच्या वजनाचा काही भाग तिला खाली खेचतो आणि ३७ ला १ या उतारावर तो भाग वजनाच्या सदतिसाव्या हिश्शाएवढा असतो. एका टनाला २७ किलो. सपाटीवर जिथे दोन किलो पुरत होते, तिथे आता २९ लागतात. घर्षण कमी असण्याचा जो फायदा सपाटीवर मिळत होता, तो दीड अंशाच्या चढाने गिळून टाकला.

हिशेब पुढे नेला की बँकरांचं कोडं सुटतं. २२ डब्यांची भरलेली गाडी साधारण ११०० टनांची धरू. डब्ल्यूएजी-७ जातीचं इंजिन १२३ टनांचं. दोन्ही मिळून या चढावर नेण्यासाठी ३५ टनांच्या आसपास जोर हवा. हा जोर शेवटी चाकाने रुळाला मागे रेटूनच लावायचा असतो, आणि चाक रुळाला किती रेटू शकेल याची मर्यादा घर्षण ठरवतं. कोरड्या, स्वच्छ रुळावर ती मर्यादा इंजिनाच्या वजनाच्या सुमारे पाव असते, म्हणजे ३० टन. ओल्या रुळावर ती १८-२० टनांवर येते. मोटारींनी कितीही जोर लावला तरी त्यापुढे चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागतात. आणखी दोन इंजिनं जोडली की गाडीचं वजन वाढतं हे खरं, पण तिघांची मिळून पकड ओल्या रुळावरही ५० टनांच्या पुढे जाते आणि लागणारा जोर ४३ टनांच्या आतच राहतो.

इंजिन जड असतं ते त्यातल्या यंत्रांमुळे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मालगाड्यांच्या इंजिनाला वजन मुद्दामच हवं असतं. घर्षणाचा पहिला नियम हाच, की ते दाबाखालच्या वजनाच्या प्रमाणात वाढतं. स्पर्शाचं क्षेत्रफळ किती याला त्यात जवळजवळ महत्त्व नसतं. फ्रान्समधल्या गिल्योम आमाँताँ यांनी १६९९ साली हे मांडलं आणि पुढच्या शतकात शार्ल कूलाँ यांनी ते बारकाईने तपासलं. वरवर हे पटत नाही. मोठा पृष्ठभाग जास्त पकडेल असंच वाटतं. पण कितीही गुळगुळीत दिसणारं पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतं आणि दोन पृष्ठभाग फक्त उंचवट्यांच्या टोकांवरच एकमेकांना भिडतात. वजन वाढलं की ती टोकं आणखी दबतात आणि नवी टोकं भिडतात. खरा स्पर्श असा वजनाबरोबर वाढतो.

आणि रेल्वेच्या चाकाचा स्पर्श किती लहान! चाक आणि रूळ जिथे टेकतात ती जागा रुपयाच्या नाण्याहूनही लहान, चौरस सेंटिमीटरभराची. त्यावर इंजिनाच्या एका चाकाचं दहा टन वजन. इतका प्रचंड दाब सोसणारा तो ठिपका क्षणोक्षणी बदलत राहतो. चाक घरंगळत असताना रुळाला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे तिथे काम करतं ते स्थिर घर्षण. चाक एकदा घसरलं की त्याची जागा गतिज घर्षण घेतं आणि ते कमी असतं. म्हणजे घसरायला लागलेलं चाक आणखीच घसरतं. लोको पायलट अशा वेळी जोर वाढवत नाही, कमी करतो आणि चाकापुढे वाळू सोडतो. प्रत्येक इंजिनावर कोरड्या, चाळलेल्या वाळूच्या पेट्या असतात. त्यातून निघालेली नळी चाक आणि रूळ यांच्या नेमक्या सांध्यावर रोखलेली असते, आणि वाळूचे कण तिथे चिरडले गेले की पकड परत येते. पावसाळ्यात धो धो सरी रूळ धुऊन तरी काढतात. त्रासाची असते ती पहिली भुरभुर. धूळ, तेलाचे थेंब आणि थोडंसं पाणी यांचा रुळावर पातळ चिकट थर बसतो आणि पकड सर्वांत जास्त ढासळते ती तेव्हाच.

बँकर पुढे न जोडता मागे का जोडतात, यालाही पक्कं कारण आहे. सगळी इंजिनं पुढे असती तर पूर्ण गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर आला असता. मागून रेटल्याने तो वाटला जातो. शिवाय चढावर मधलं एखादं कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे उताराला लागू नयेत म्हणून खाली इंजिनं उभी असतातच.

हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी तो आखला. उद्घाटन पाहायला मात्र ते उरले नाहीत, आदल्या वर्षीच वारले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आले आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट हाती घेतलं आणि पुरं केलं. २५ बोगदे, आठ मोठे पूल, आणि ऐन कामाच्या दिवसांत ४० हजारांहून अधिक मजूर. पटकी आणि तापाने त्यातले किती तरी दगावले. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, पण आज गाडी ज्या चढावरून जाते तो ३७ ला १ त्यांच्याच सुरुंगांनी कोरला आहे. तो चढ याहून खडा ठेवला असता तर त्या काळच्या वाफेच्या इंजिनांची पकड आणखी अपुरी पडली असती. इतकं करूनही खंडाळ्याजवळ एका टप्प्यावर डोंगराने वळायला जागाच दिली नाही. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. विजेवर गाड्या धावू लागल्या त्या सुमारास नवे बोगदे काढून ती कसरत बंद झाली. त्या काळात आलेल्या विजेच्या मालइंजिनांना रेल्वे कामगार ‘खेकडा’ म्हणत. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

चढण्यात दम लागतो, पण रेल्वेवाल्यांना खरी धास्ती असते ती उतरण्याची.

लोणावळ्याची ११०० टनांची गाडी कर्जतला उतरते तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा मोकळी होते, ती विजेच्या भाषेत सुमारे १६०० युनिट भरते. एखाद्या साध्या घराला ती वर्षभर पुरावी. ब्रेक ब्लॉक चाकावर घासून ही सगळी ऊर्जा उष्णतेत बदलायची म्हटलं तर चाकं आणि ब्लॉक तापून निघतील. त्यात ओतीव लोखंडी ब्लॉकचा एक वाईट गुण असा, की वेग जितका जास्त तितकं त्याचं घर्षण कमी. गाडीने एकदा वेग धरला की ब्रेक दुबळे पडतात आणि ब्रेक दुबळे पडले की वेग आणखी वाढतो. म्हणून घाट उतरताना वेग पहिल्या मीटरपासूनच कमी ठेवायचा असतो. विजेच्या इंजिनांनी यात मोठा आधार दिला. उतारावर त्यांच्या मोटारी जनित्राचं काम करतात, चाकांना अडवतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत पाठवतात. खाली येणाऱ्या गाडीची वीज वर चढणाऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते. भौतिकशास्त्राचा इतका देखणा उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

तरीही शेवटचा भरवसा ब्रेकवरच, आणि तो चालतो हवेच्या दाबावर. पूर्वी भारतीय गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असत. त्यात पाइपमधली हवा काढून ठेवलेली असे आणि ब्रेक लावताना बाहेरची हवा आत शिरून दट्ट्याला ढकलत असे. म्हणजे ब्रेकची ताकद वातावरणाच्या दाबापलीकडे, दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपलीकडे, जाऊच शकत नव्हती. लोणावळ्याच्या उंचीवर तर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के कमी, त्यामुळे ब्रेक सर्वांत जास्त लागायचे तिथेच ते थोडे लंगडे. आताच्या एअर ब्रेकमध्ये मुख्य पाइपात पाच किलोंचा दाब असतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये त्यात खुबी अशी साधली, की दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात आणि दाब गेला की लागतात. पाइप फुटला, डबा तुटला, कुणी साखळी ओढली, काहीही झालं तरी हवा निसटते आणि गाडी थांबते.

यानंतरही गाडी सुटलीच तर? त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत. मुख्य मार्गातून फुटून डोंगराकडे चढत जाणारा हा रूळ कुठेच पोचत नाही. सांधा एरवी त्याच बाजूला लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी सिग्नलपाशी पूर्ण थांबायचं, ब्रेक काबूत आहेत हे दाखवायचं, मगच सांधा मुख्य मार्गाला जोडला जातो. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप त्या चढावर जाते आणि गुरुत्वाकर्षणच तिचा वेग मोडतं. घाईत असलेल्या प्रवाशांना हे थांबे कंटाळवाणे वाटतात. पण प्रत्येक थांबा म्हणजे घेतलेली एक परीक्षा असते.

रस्त्याने घाट उतरणाऱ्या ट्रकचालकांनाही हेच गणित लागू आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळी ऊर्जा ब्रेकवर येते, ते तापतात आणि तापल्यावर धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिनच गाडीला अडवतं. खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात वाचताना हा साधा नियम पुन्हा पुन्हा आठवतो, आणि तो ट्रकचालकांना जीव तोडून शिकवला जात नाही याचं वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय हा घाट चढते. तिला वेगळं इंजिन नाही. मोटारी डब्यांखालीच आहेत आणि गाडीच्या निम्म्या आसांना त्या फिरवतात. म्हणजे पकडीसाठी एका इंजिनाचं १२३ टन वजन नव्हे, तर अख्ख्या गाडीचं निम्मं वजन कामाला येतं. ओल्या रुळावर त्या निम्म्या वजनाची पकड एकूण वजनाच्या सात-साडेसात टक्के भरते आणि चढाला लागतात तीन टक्क्यांच्या आत. राजधानीसारख्या गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिन जोडून कसारा घाटातही बँकरची वाट पाहणं टाळलं गेलं आहे. मालगाडीच्या वाघिणींना मात्र स्वतःच्या मोटारी नसतात. तिच्या मागे बँकर लागतातच.