आईविना आलेली वीस पिल्ले

पुठ्ठ्याच्या खोक्याच्या भोकांतून येणारी चिवचिव ऐकून घरातील मुले अंगणात धावतात. उबवणी केंद्रातून आणलेली, एका दिवसाची वीस पिल्ले खोक्यातून बाहेर येतात आणि खेड्यातील एका कुटुंबाच्या कुक्कुटपालनाचा श्रीगणेशा होतो. अंड्यातील बलकाचा उरलेला अंश पिल्लाच्या पोटात असतो. त्या बळावर ते पहिले दोन दिवस दाणापाण्याविना तग धरू शकते. म्हणूनच दूरच्या केंद्रातील पिल्ले आडगावीही जिवंत पोहोचतात. परंतु निसर्गाने दिलेली शिदोरी तेवढीच. त्यांच्यासोबत आई आलेली नसते. तिचे काम माणूस किती निष्ठेने करतो, यावरच पहिल्या कळपाचे भवितव्य अवलंबून असते.

परसातील धन

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी भरली. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातील होते आणि २०१२ च्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. आसामची मिरी, आंध्रातील असील, निकोबार बेटांवरील निकोबारी, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली झाबुआची कडकनाथ, अशी प्रांतोप्रांतीची कोंबडी निराळी. मात्र तिची देखभाल बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रीकडेच असते. मुलाची वही असो वा आजाऱ्याचे औषध, अडल्या वेळी अंड्यांचे पैसे तिच्या हाताशी असतात.

जात निवडताना मोह होतो तो अंड्यांच्या आकड्याचा. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी विकसित केलेली ‘वनराजा’ साधारण १००-११० अंडी देते आणि ‘ग्रामप्रिया’ त्याहूनही अधिक. या वाढीची एक किंमत असते. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणे थांबवते. म्हणून अधिक अंड्यांसाठी निवड करताना खुडूक बसण्याची वृत्तीच मागे पडत गेली. अशी कोंबडी सहसा अंडी उबवीत नाही. शिवाय तिच्या पुढच्या पिढीत मूळ गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून सुधारित जातीच्या कळपात दोन-तीन गावठी कोंबड्या ठेवणे शहाणपणाचे ठरते. २१ दिवस अंड्यांवर बसण्याची आणि घारीची सावली पडताच पिल्लांना पंखाखाली घेण्याची विद्या त्या विसरलेल्या नाहीत.

पंखांची ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करीत नेतात. वीस पिल्लांना ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा पुरतो. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. नवख्या पालकाची पहिली चूक अनेकदा इथेच होते. दिव्याभोवती पत्र्याचे वा पुठ्ठ्याचे गोल कडे उभारावे, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली भाताच्या तुसाची गादी असावी. पहिले दोन-तीन दिवस तिच्यावर कागद अंथरावा, नाहीतर पिल्ले दाण्याऐवजी तूस टिपतात. पाण्याचे भांडे उथळ ठेवून त्यात खडे टाकले, की कोणी बुडत नाही.

तापमापक नसला तरी पिल्लेच सारे सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन ती केविलवाणी ओरडू लागली, की त्यांना थंडी वाजते. चोच उघडी ठेवून कडेला पळाली, की उकाडा होतो. सर्वत्र विखुरलेली, टिपत बागडणारी पिल्ले पाहिली, की निश्चिंत व्हावे. मध्यरात्री वीज गेली, तर मात्र कोणीतरी उठलेच पाहिजे आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवल्याच पाहिजेत. आईला रजा नसते.

एक कुपी, पाच घरे

कुमाऊँमधील राणीखेतचे नाव लागलेला रोग आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखला जातो. तो शिरला, की खुराडे चार-आठ दिवसांत रिकामे होते. यावर औषध नाही, लस आहे. साधारणतः पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात, चौथ्या आठवड्यात पुन्हा देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचतात. अडचण निराळीच असते. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात आणि कालवलेली लस दोनेक तासांतच संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी अख्खी कुपी कोण फोडणार? त्यावर उपाय शेजारधर्माचा. पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणली, तर लस एकाच सकाळी, बर्फातून आणून, सर्वांना पुरते. शेजारची कोंबडी निरोगी असल्यावाचून आपलीही निर्धास्त नसते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला, तेव्हा हा धडा सर्वांनाच मिळाला. अचानक मरतूक झाली, तर ती न लपवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावी.

वहीतील नोंद

मिश्र पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. दहा माद्यांमागे एक कोंबडा ठेवून बाकीचे विकले, की खाद्याचा बराच खर्च निघतो. मोकळी कोंबडी किडे, गवत, सांडलेले धान्य वेचते. संध्याकाळी मूठभर कणी किंवा मका आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा दिला, की तिचे भागते. पहिले अंडे हाती यायला मात्र जवळजवळ सहा महिने लागतात. तोवर पैसा केवळ जातच असतो. म्हणून पहिला कळप लहान असावा आणि शक्यतो स्वतःच्या बचतीतून उभा राहावा. किती पिल्ले आणली, किती गेली आणि कशाने, दाण्याला काय लागले, विक्रीतून काय आले, याची रोजच्या रोज नोंद ठेवावी. पुढे दोनशे पक्ष्यांसाठी कर्ज मागायला बँकेत जाताना ही मळकी वही खरी साक्ष देते.

वीसपैकी तीन-चार पिल्ले गेली, म्हणून खचून जाऊ नये; ती का गेली, हे मात्र वहीत लिहून ठेवावे. एखाद्या पहाटे खुराड्याच्या तुसात पहिले कोमट अंडे हाताला लागते, तेव्हा रात्रींच्या त्या जागरणांचे चीज झालेले असते.