ऑफिसातल्या त्या एका कॉम्प्युटरवर अजूनही जुना इंटरनेट एक्सप्लोरर का लागतो?

बऱ्याच ऑफिसांत असा एक कॉम्प्युटर सापडतो. कोपऱ्यात ठेवलेला, जुनं विंडोज असलेला. नव्या माणसाने अपडेट करायला घेतला की लगेच कुणीतरी ओरडतं, "अरे, त्याला हात लावू नकोस! एक काम फक्त त्याच्यावरच चालतं."

ते काम चालतं इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. हा ब्राऊझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केला. पण त्याच वेळी एज या नव्या ब्राऊझरमध्ये 'आयई मोड' नावाची सोय ठेवली आणि ती किमान २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलं.

गेलेल्या ब्राऊझरची एवढी बडदास्त कशासाठी? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१९९० च्या दशकात कंपनीचं कामकाजाचं सॉफ्टवेअर म्हणजे सीडी. माहिती एका सर्व्हरवर असायची, पण ती दाखवणारा आणि भरून घेणारा प्रोग्राम प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळा बसवावा लागायचा. पाचशे माणसं असतील तर पाचशे कॉम्प्युटर. नवी आवृत्ती आली की पुन्हा पाचशे वेळा तेच. त्यात दहा कॉम्प्युटर चुकून राहिले की गोंधळ ठरलेला.

अशा सॉफ्टवेअरमधलं तेव्हाचं मोठं नाव होतं सीबेल. टॉम सीबेल आणि पॅट्रिशिया हाऊस यांनी १९९३ मध्ये ही अमेरिकन कंपनी सुरू केली. ग्राहक कोण, त्याने काय घेतलं, त्याची तक्रार कुठे अडकली, हे सगळं सीबेलमध्ये नोंदवलं जायचं.

१९९९ मध्ये मार्क बेनिऑफ यांनी सहकाऱ्यांसोबत सेल्सफोर्स सुरू केली. बेनिऑफ आणि टॉम सीबेल, दोघेही पूर्वी ओरॅकलमध्ये होते. सेल्सफोर्सचं म्हणणं साधं होतं. काहीही बसवू नका, ब्राऊझर उघडा, पासवर्ड टाका, काम सुरू करा. २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सीबेलची परिषद भरली, तेव्हा सेल्सफोर्सने बाहेर भाड्याने नट आणून 'सॉफ्टवेअर नको' असे फलक घेऊन खोटा मोर्चासुद्धा काढला.

सीबेललाही वारं कळलं होतं. २००१ मध्ये सीबेल ७ आलं, ब्राऊझरमध्ये चालणारं.

पण इथेच खरी मेख आहे.

तेव्हाचे ब्राऊझर वाचण्यासाठी बनलेले होते. एक बटण दाबलं की अख्खं पान नव्याने लोड व्हायचं. दिवसभर फोनवर तक्रारी नोंदवणाऱ्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. त्याला डेस्कटॉपसारखा वेग हवा होता. त्यावर तोडगा होता मायक्रोसॉफ्टचं ॲक्टिव्हएक्स. यात पानासोबत एक छोटा प्रोग्राम विंडोजवर उतरायचा आणि तिथेच चालायचा. सीबेलने वेगवान कामासाठी हाच मार्ग धरला.

काम झटपट होऊ लागलं, पण ते फक्त विंडोजवर आणि फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. थोडक्यात, डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर मागच्या दाराने परत आत आलं. जगभरात कित्येक कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी आपापली सॉफ्टवेअर याच पद्धतीने बनवून घेतली. कोपऱ्यातला तो कॉम्प्युटर ही त्याचीच देणगी.

गंमत म्हणजे यातून सुटायचा रस्ताही मायक्रोसॉफ्टमध्येच तयार झाला होता. आउटलुकची मेल ब्राऊझरमध्ये दाखवणाऱ्या टीमला पान न बदलता फक्त नवी माहिती मागवायची होती. त्यासाठी बनवलेली युक्ती १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत आली. पुढे इतर ब्राऊझरनीही ती घेतली. २००४ मध्ये जीमेलने तिचा सढळ वापर केला आणि २००५ मध्ये या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव मिळालं. आता डेस्कटॉपसारखा वेग कुठल्याही ब्राऊझरमध्ये मिळू लागला, वेगळं काही न बसवता.

ज्यांनी हा सगळ्यांना समान असलेला रस्ता धरला, त्यांना पुढे क्रोमवर जाणं सोपं गेलं. ज्यांनी एकाच ब्राऊझरशी गाठ मारली, ते अडकले. २००५ मध्ये ओरॅकलने सीबेल विकत घ्यायचं ठरवलं, ५.८५ अब्ज डॉलरला. ॲक्टिव्हएक्सची गरज नसलेलं सीबेलचं नवं रूप यायला मात्र २०१२ साल उजाडलं.

हा गुंता आपल्याकडेही दिसतो. दुकानाचा हिशोब टॅलीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेल्या प्रोग्राममध्ये होतो. जीएसटी रिटर्न मात्र पोर्टलवर, ब्राऊझरमधून भरायचं. तिथे डिजिटल सही करायची तर एमसायनर नावाचा प्रोग्राम आधी बसवावा लागतो, कारण सुरक्षेसाठी आजचे ब्राऊझर कुठल्याही वेबसाइटला थेट यूएसबी टोकनपर्यंत पोहोचू देत नाहीत.

म्हणूनच "आमचं सॉफ्टवेअर ब्राऊझरमध्ये चालतं" असं विक्रेता म्हणाला तर लगेच मान डोलवू नये. क्रोम, फायरफॉक्स आणि मोबाईल, तिन्हीवर चालतं का? सोबत आणखी काही बसवावं लागतं का? नेट गेलं तर बिल कसं फाडायचं? आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडलं, तर आपली सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का?

ही चार उत्तरं आधी मिळाली नाहीत, तर आजचं नवंकोरं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी त्याच कोपऱ्यात जाऊन बसतं. ग्राहकांची माहिती त्यात असते, सुरक्षेचे अपडेट बंद झालेले असतात, आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसते.