शिक्का बदलला तरी कागद जपा

2023 साली शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि कचेऱ्यांतले शिक्केही बदलू लागले. तेव्हापासून आम्हा हर्सूलकरांच्या घरांत एक प्रश्न वारंवार निघतो: ‘औरंगाबाद’चा शिक्का असलेला जन्मदाखला, खरेदीखत, निकाहनामा आता चालेल का?

नाव बदलल्याने जुना दस्त रद्द होत नाही. ज्या दिवशी कागद झाला, त्या दिवशीच्या अधिकाराची साक्ष शिक्का देतो. आपल्या शहराने तर किती नावे पाहिली! मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. 1626 मध्ये त्याचा मुलगा फतेहखान याने तिला फतेहनगर केले. 1653 मध्ये औरंगाबाद झाले. पुढे मुघल नाण्यांवर याच शहराच्या टांकसाळीचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’, म्हणजे शुभ पाया, असे उमटले.

‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्दही फारसी दरबारातून मराठीत आला. शिवकालीन पत्रात माथ्यावर मुद्रा आणि शेवटी छोटी ‘मोर्तब’ असे. मजकूर इथे संपला, पुढे कोणी भर घालू नये, हा तिचा अर्थ.

हजरत पैगंबर (स.) यांनी राजांना पत्रे पाठवायचे ठरवले, तेव्हा शिक्क्याविना पत्र ते वाचत नाहीत असे सांगण्यात आले. म्हणून चांदीची अंगठी घडवली गेली. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात ती अरीसच्या विहिरीत पडली आणि सापडली नाही. अंगठी गेली, पण तिने मोहोर केलेल्या पत्रांचे मोल कमी झाले नाही.

जुना कागद वाचताना सनाकडे नीट पाहा. काझींच्या मोहोरेवर बहुधा हिजरी सन असतो. निजामकाळातील सरकारी कागदावर मात्र बरेचदा फसली असतो. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे 1340 फसली हे 1930-31 होय, तर 1340 हिजरी हे 1921-22. दोन्हींत गल्लत झाली तर दादाजानचे वय नऊ वर्षांनी चुकते आणि वारसनोंदीत अडचण येते.

म्हणून उर्दू, फारसी किंवा मोडी वाचता येत नाही म्हणून कागद रद्दीत टाकू नका. लॅमिनेशन करू नका, शिक्क्यावर चिकटपट्टी लावू नका. फोटो काढून ठेवा. जाणकाराकडून वाचून घ्या आणि वेगळ्या कागदावर मराठीत सारांश लिहून सोबत ठेवा. आज घरात वाचणारे कोणी नसेल, पण उद्या आपलीच लेक किंवा नात ते वाचायला शिकेल, इन्शाअल्लाह.